पलीकडचं फडकं

कुशाबाने टपालाची पिशवी लाँचच्या खुंटीला अडकवली, काढली आणि पुन्हा अडकवली. समोरच, धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत टपाल खात्याच्या नलिनी मॅडम कराराचे कागद पसरून बसल्या होत्या. त्या बोलायला लागल्या की त्याचे हात काहीतरी चाळा शोधायचे.

"दंडाचं कलम सोडून बाकी समदं कबूल हाय मला," तो पुन्हा म्हणाला. "वाटलंच तर रक्कम कमी करा, पर तेवढं खोडा."

"काका, तेच तर मुख्य कलम आहे. लाँच वेळेवर सुटली तर फेरीचे पूर्ण पैसे, नाहीतर कपात. खोडायचा अधिकार मलाही नाही."

बाई वाईट नव्हती. पुण्याहून येताना पिरंगुटच्या ट्रकांच्या रांगेत तासभर अडकली होती, तरी दुसरा चहा तिनेच मागवला होता.

पाण्यापलीकडच्या वाड्यांना टपाल पोचवायचा ठेका आजोबांपासून त्याच्या घरात होता. धरण भरलं, गावं बुडाली आणि घरं डोंगराच्या अंगाने वर चढली. तिथून काठाला यायचं म्हणजे बराच उतार. म्हणून रीत पडली होती, की उतरणाऱ्याने वरूनच फडकं हलवायचं आणि लाँचने दोनदा भोंगा द्यायचा. म्हणजे, बघितलं, थांबलोय. गोऱ्या साहेबाने आजोबांपुढेही हेच कलम ठेवलं होतं म्हणे. आजोबांनी रकमेत पडतं घेतलं, पण कलम खोडायला लावलं. घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती, की साहेबाची मिशी दरवर्षी थोडी लांब व्हायची.

"हे बघा," मॅडम हळूच म्हणाल्या, "रिसॉर्टवाला स्पीडबोट घेऊन तयार बसलाय. तो फक्त टपाल नेईल, माणसं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मला त्याच्याकडे जावं लागेल."

टपालाच्या पैशावरच लाँचचं डिझेल निघत होतं. ठेका गेला की लाँच बंद. मग पलीकडच्यांनी तालुक्याला, पौडला जायचं ते अख्ख्या पाण्याला वळसा घालून.

"आबा, सही करून टाका," त्याचा मुलगा शंभू कानाशी कुजबुजला. "मग रोज कोन येतंय घड्याळ घिऊन?"

मॅडमना ऐकू गेलंच. त्या हसल्या.

"आज मीच येते की. एक फेरी बघते. वेळेवर झाली तर परत आल्याबरोबर सह्या करू."

पलीकडे टपालवाला काठावर उभाच होता. त्याने पिशवी घेतली, आपली दिली. चार माणसं चढली. मॅडमनी मोबाइलवर वेळ पाहिली.

"चला काका, झाली वेळ."

आणि तेव्हाच वर, करवंदीच्या जाळीशेजारी, पांढरं फडकं हललं.

ते कोणाचं हे कुशाबाला सांगावं लागलं नाही. बाकीचे फडकं हलवत धावत सुटायचे. एका जागी उभी राहून भोंग्याची वाट बघणारी एकच, त्याची थोरली बहीण. तुळजाअक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. आज पौडला डोळ्यांचं शिबिर होतं आणि 'दुपारपातुर न्हेशील न्हवं?' असं तिने कालच विचारलं होतं.

त्याचा हात भोंग्याकडे गेला. शंभू दोर धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मॅडम अजून मोबाइलकडेच बघत होत्या.

"सोड," कुशाबा म्हणाला.

अर्ध्या पाण्यात आल्यावर त्याने मागे पाहिलं. पाहायला नको होतं. फडकं अजून हलत होतं. लाँच गेलेली तिला दिसलीच नव्हती.

धक्क्यावर मॅडम मोकळेपणाने म्हणाल्या, "बघा, जमतं की नाही?"

त्याने सह्या केल्या. एक सही कागदाच्या भलत्याच कोपऱ्यात पडली, ती मॅडमनी समजुतीने चालवून घेतली. त्यांची गाडी माले गावाच्या वळणाआड जाते न जाते तोच त्याने इंजिन सुरू केलं.

"आबा, आता फेरी न्हाई. डिझेल..."

"दोर सोड म्हनलं न्हवं!"

तुळजाअक्का पाण्याकाठच्या दगडावर बसली होती. फडक्याची नीट घडी घालून तिने मांडीवर ठेवली होती. लाँच टेकली तशी ती आवाजाच्या रोखाने वळली.

"भोंगा ऐकू आला न्हाई," ती म्हणाली. "म्हनलं, कुशानं बघितलंच नसंल. झाडी बी लई वाढलीया."

तिने सबब आयती ताटात वाढली होती. नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"बघितलं हुतं, अक्का."

ती त्याचा हात धरून चढली आणि नेहमीच्या फळीवर टेकली.

"शिबिर असंल अजून, आत्या," शंभू म्हणाला. "मी गाडीवरनं सोडतो."

लाँच वळली. तुळजाअक्काने पदराची गाठ सोडली, नोट बाहेर काढली, तिची कड बोटांनी चाचपून पाहिली आणि हात कुशाबाच्या दिशेने पुढे केला. भावाच्या लाँचमध्ये तिने जन्मात कधी पैसे काढले नव्हते. काढले असते तर कुशाबाने भांडण केलं असतं.

"अक्का, ह्ये काय?"

"तिकीट फाड. टपालवाला सांगत हुता, आज नवा कागद हुतोय."

"तुज्याकडनं न्हाई घेत मी."

"घे." तिचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता, आणि तेच त्याला सोसेना. "फुकट बसनाऱ्यानं थांब म्हनायचं, ह्ये काय बरं न्हाई, कुशा. म्होरल्या येळंला मी आदीच येऊन बसंन."

त्याने शंभूकडे पाहिलं. शंभू पाण्याकडे बघत होता. कुशाबाने तिकीट फाडून तिच्या हातावर ठेवलं.

ते तिने पदरात बांधलं आणि उरलेल्या सुट्या पैशांसाठी तळवा पुन्हा पुढे केला.