नुसती मान हलवली

लाकूड कापायच्या मशीनपाशी आयुष्य काढून सुतारकाकांचे कान गेले. मुलानं कानातलं यंत्र घेऊन दिलं. कारखान्यात ते दिवसभर कानात असायचं. घरात पाऊल टाकलं की मात्र काका ते काढून खिशात टाकायचे.

कारण सून एकदा फोनवर म्हणाली होती, "म्हातारा म्हणजे डोक्याला ताप आहे नुसता." ते शब्द काकांच्या जिव्हारी लागले. ते भांडले नाहीत, रुसले नाहीत. पुन्हा असलं काही कानावर पडायलाच नको, म्हणून त्यांनी कानच बंद करून टाकले! कुणी काही बोललं की हसून मान हलवायची, जेवायचं आणि आपली खोली गाठायची. तिथं भिंतीकडे बघत बसलं की त्यांना फार एकटं वाटे.

एका रविवारी थोरली बहीण आली. बघते तर घरभर सामानाची खोकी! सुनेकडून सगळं ऐकून ती भावाच्या खोलीत गेली आणि त्याला आधी यंत्र कानात घालायला लावलं.

"मुलगा-सून वेगळं राहायला निघालेत, आणि तू हो म्हणालास?"

"मी? कधी? खोकी दिसली, पण कुणाला विचारलं नाही."

"सुनेनं विचारलं, 'बाबा, आमचा त्रास होतो का? वेगळे राहू का?' तू हसून मान हलवलीस!"

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. फोनवरचं ते बोलणं त्यांनी बहिणीला सांगितलं. "पुन्हा तसलं ऐकायचं का मी?"

"करवतीनं बोट कापलं की पट्टी बांधून कामाला लागायचास ना? का हातच तोडून ठेवलास? जा, सांग तिला."

सून स्वयंपाकघरात कप कागदात गुंडाळत होती.

"जाऊ नका गं," काका म्हणाले. "तू मला डोक्याला ताप म्हणालीस. फार लागलं मला."

तिचा हात थांबला. "म्हणाले मी, बाबा. रागात होते. चुकलंच माझं. पण नंतर रोज बोलत होते हो तुमच्याशी! तुम्ही नुसते हसायचात. वाटलं, मीच नकोशी झाले."

रोज बोलत होती! काकांना रडू आवरेना. सुनेनं डोळे पुसले आणि गुंडाळलेले कप पुन्हा बाहेर काढले.

मंडळी, मनाला लागू नये म्हणून आपणही असेच बंद होतो. कुणी स्वतःला कामात बुडवून घेतं, कुणी सगळं हसण्यावारी नेतं. पण त्यानं टोमण्यांबरोबर मायाही बाहेरच राहते. लागलं, तर ज्याचं लागलं त्याला सांगा. तो बिचारा कदाचित तुमच्याशी बोलून बोलून थकला असेल.