चेहरे झाकणारा फोन

मी एक जुना मोबाईल आहे आणि, मित्रांनो, माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. नवा होतो तेव्हा असा नव्हतो. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या अरुणाताईंनी मला मोठ्या हौसेने घेतलं. डोसे, गुलाब, नातवाचे पहिले दात, माझ्यातला प्रत्येक फोटो, प्रत्येक व्हिडिओ आपोआप कुटुंबाच्या अल्बममध्ये जायचा आणि नागपूरपर्यंत वाहवा व्हायची. मग नवा फोन आला आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. फार वाईट वाटलं.

वरच्या खोलीत नादिया भाड्याने राहायची. ती रशियाची. तिकडे युद्धाविरुद्ध नुसता कोरा कागद घेऊन उभं राहिलं तरी पोलीस उचलतात, म्हणून लोक तिला अशा निदर्शनांचे व्हिडिओ गुपचूप पाठवत. ती आधी चेहरे पुसट करायची, मगच ते आपल्या चॅनलवर टाकायची. तिचा फोन बिघडला तेव्हा अरुणाताईंनी प्रेमाने मला पुढे केलं. आपलं खातं काढायला मात्र त्या विसरल्या. नादियाही मोठी संशयी. तिने माझ्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली, पण घरमालकिणीची भेट तपासून बघणं तिला बरं वाटलं नाही.

एकदा कोरा कागद घेऊन उभ्या राहिलेल्या ओल्गा नावाच्या शिक्षिकेचा व्हिडिओ आला. नादिया चेहरा पुसट करायला बसली, तोवर मूळ व्हिडिओ अरुणाताईंच्या कुटुंबाच्या अल्बममध्ये पोचला होता. मला थांबता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला ओल्गाचा उघडा चेहरा सरकारच्या बाजूने लिहिणाऱ्या एका चॅनलवर दिसला. ती मला घेऊन तडक स्वयंपाकघरात आली.

"आंटी, खरं सांगा, तुम्ही कोणासाठी काम करता?"

अरुणाताईंच्या हातातली कणीक तशीच राहिली. मग दोघींनी मला उघडून अल्बम पाहिला. ओल्गाच्या व्हिडिओखाली अरुणाताईंच्या दिराचा, नागपूरच्या जयंतरावांचा लाईकचा अंगठा होता. अरुणाताईंनी लगेच दिराला फोन लावला.

"वहिनी, काय धीट बाई आहे हो! मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, फेसबुकवरपण."

"भावोजी, आत्ताच्या आत्ता डिलीट करा! तिला जेलमध्ये टाकतील!"

जयंतरावांनी तो पुसला. ग्रुपवरच्या सगळ्यांनीही पुसला म्हणे. मला ते खरं वाटत नाही. नादियाने अरुणाताईंची माफी मागितली, त्यांनी तिची मागितली, आणि दोघी रडल्या. ओल्गाला पाठवलेले निरोप अजून न वाचलेलेच आहेत.

"आलं का गं उत्तर?" अरुणाताई रोज विचारतात. नादिया मान हलवून नाही म्हणते.

मित्रांनो, जुना फोन देताना तो आधी रिकामा करा. आणि कुणाचा चेहरा पुढे पाठवण्याआधी त्या माणसाला विचारा. ओल्गाला कुणीच विचारलं नव्हतं.