दोन आठवडे मागची प्रत

फोन थरथरला तशा प्रेमलाबाई हातातली मेथी तशीच टाकून उठल्या. कडी काढून त्यांनी दार सताड उघडलं आणि पुन्हा येऊन मेथी निवडायला बसल्या. कुणीतरी आलं असेल म्हणून वैशाली दारापर्यंत गेली. बाहेर कुणी नव्हतं. लिफ्ट खालीच उभी होती, आणि समोरच्या कुलूपबंद फ्लॅटपुढे पाण्याच्या बिलांचा ढीग तेवढा पडला होता.

कोण येणार आहे, असं तिनं विचारलं. आईनं नुसता फोन तिच्याकडे सरकवला. पडद्यावर मेसेज होता: मधुकर गेटमधून आत आले.

मधुकर म्हणजे वैशालीचे वडील, तात्या. वाशीच्या मार्केटात मापाडी म्हणून हयात काढलेला माणूस. निवृत्तीनंतर उलव्याच्या या नव्या सोसायटीत राहायला आला, आणि मार्केटात नाही तर नाही, निदान रस्त्यावरच्या भाजीवाल्यांच्या काट्यांवर नजर ठेवायला रोज संध्याकाळी फिरायला निघू लागला. आदल्याच दिवशी त्यांचं तेरावं झालं होतं. साताऱ्याकडची माणसं सकाळीच गाड्या करून परत गेली होती. वैशाली तेवढी नेरूळच्या घरी न जाता आईजवळ थांबली होती.

“रोज येतो,” आई खाली मान घालून म्हणाली. “ते गेले त्या सांजेला बी आला. मानसं भरलेली घरात. मी कुनाला काय सांगू?”

दुसऱ्या कुणाच्या घरी असं घडलं असतं तर ते लोक ॲपवाल्या कंपनीच्या नावानं शंख करून मोकळे झाले असते. वैशालीला तीही सोय नव्हती. ती कंपनी हिचीच.

तिची महाप्याची कंपनी सोसायट्यांच्या गेटवरचं ॲप चालवायची. कोण आलं, कोण गेलं, पार्सल कुणाचं, मोलकरीण पोचली का, सगळं त्यात. ज्येष्ठांसाठी खास सोय होती. त्यांच्या किल्ल्यांना एक टॅग अडकवलेला असायचा. येताजाता तो गेटवरच्या यंत्राला लावला की घरच्यांच्या फोनवर मेसेज जायचा. आईवडिलांच्या सोसायटीत हे ॲप वैशालीनंच मागे लागून घ्यायला लावलं होतं. कंपनीत तिचं काम डेटाबेस सांभाळण्याचं. सगळं सुरळीत चाललं की तिला कुणी ओळखत नसे, आणि काही बिघडलं की सगळे तिला नावानिशी हाका मारत. इतक्या वर्षांत तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

तिनं लॅपटॉप उघडला. मूळ डेटाबेस एकच होता. गेटवरची प्रत्येक नोंद त्यातच लिहिली जायची. पण हजारो लोक एकदम वाचायला आले की तो धापा टाकतो, म्हणून क्लाउडमध्ये त्याच्या प्रती उभ्या केलेल्या असतात, नुसत्या वाचण्यापुरत्या. मूळ डेटाबेसात काही लिहिलं की पापणी लवायच्या आत ते प्रतींमध्ये उमटतं. प्रतीत मात्र कुणाला काही लिहिता येत नाही की खोडता येत नाही, ती उभी करणाऱ्या वैशालीलाही नाही.

यातली एक प्रत मुद्दाम मागे ठेवलेली होती. पूर्वी एकदा कुणाच्या तरी हातून एका सोसायटीची सगळी माहिती पुसली गेली, आणि इमानदार प्रतींनी ती चूकही क्षणात गिरवली. तेव्हापासून वैशालीनं एक प्रत अशी बांधली की ती दोन आठवडे मागून चालेल. जगात काहीही घडो, तिथे ते घडायला दोन आठवडे अवकाश असे. ती नुसती अडीअडचणीसाठी. रोजच्या वाचनात तिला कुणी धरायचं नाही, हा नियमही वैशालीचाच.

आणि तो तिनंच मोडला होता. गणपतीत पाहुण्यांची रीघ लागली, प्रती कमी पडायला लागल्या, म्हणून तिनं घाईघाईनं नव्या प्रती वाचनाच्या यादीत जोडल्या. त्या घाईत ही मागची प्रतही त्यात गेली, आणि ज्येष्ठांचे मेसेज नेमके तिच्याच वाटणीला आले. आता दिवाळी तोंडावर आली तरी एकाही घरून तक्रार आली नव्हती. म्हाताऱ्या माणसांचा दिवस ठरलेला. त्याच वेळी देवळात, त्याच वेळी फेरफटका, त्याच वेळी घरी. दोन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार आणि या आठवड्यातला मंगळवार यात फरक तो कुणाला कळणार? कुणीतरी मरायला हवं, तरच कळणार.

हे वैशालीनं आईला सोप्या शब्दांत सांगायला घेतलं, तर आईनं तिला मध्येच थांबवलं. तिला ते केव्हाच उमगलं होतं. बुधवारी मेसेज दुपारचाही आला होता, आणि तात्या चष्मा आणायला भर दुपारी गेले होते तो बुधवार तिच्या चांगला ध्यानात होता. तेव्हाच तिनं ओळखलं की मागचेच दिवस पुन्हा चालले आहेत.

“म्हंजे आजची सांज ती शेवटची,” ती म्हणाली. “आज ते फिरून आले, जेवले, झोपले. आता उद्या पहाटंला जायाचे. मी आधीच खाली जाऊन गेटावर उभी ऱ्हानार हाय.”

वैशालीला त्या पहाटेची आठवण नको होती. तात्यांच्या छातीत कळ आली, ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना म्हणून त्यांना खुर्चीत बसवून नेलं. लिफ्टमध्ये आईला जागा उरली नाही. ती जिन्यानं उतरेपर्यंत गाडी निघून गेली होती. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. पुन्हा वर आणायचं म्हणजे लिफ्टची तीच अडचण, म्हणून तात्यांच्या भावांनी तिथूनच परस्पर स्मशानात नेलं. बेचाळीस वर्षं जो माणूस कामावर जाताना ती दारात उभी राहिली, त्याला शेवटचं पोचवायला तिला गेटपर्यंतही जाता आलं नव्हतं. दहाव्याला कावळाही शिवला नाही. ताटकळून ताटकळून शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

“आई, आजच बंद करावं लागेल हे,” वैशाली म्हणाली.

“एक रात तर हाय.”

पण ती एक रात्र कुणाच्या तरी जिवावर बेतू शकत होती. पाचव्या मजल्यावरचे श्यामसुंदरकाका अलीकडे घरचा रस्ता विसरायचे. त्यांची सून सई बेलापूरला नोकरीला होती. ते आत आल्याचा मेसेज दिसला की ती निर्धास्त व्हायची. तो मेसेज दोन आठवड्यांपूर्वीचा असेल आणि काका त्या वेळी खाडीच्या बाजूला भटकत असतील तर? गणपतीपासून आजवर काही झालं नाही हे नुसतं नशीब. वैशालीनं वरिष्ठांना, निशांतला, फोन लावला. सुट्टीच्या दिवशी कशाला हात लावायचा, सोमवारी बघू, असं तो म्हणाला. सोमवारपर्यंत एखादा म्हातारा हरवला तर घरच्यांना उत्तर तू देणार का, असं तिनं विचारल्यावर त्यानं मुकाट्यानं परवानगी दिली.

तिनं मागची प्रत यादीतून काढली आणि ज्येष्ठांचं वाचन ताज्या प्रतीवर वळवलं. आई भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. आपण आईची उद्याची पहाट हिरावून घेतली, हे वैशालीला कळत होतं, आणि तिला रडू येत होतं.

मग तिनं आईच्या फोनवर ॲप उघडून पाहिलं. आता तिथे खरं ते दिसणार होतं. तात्या त्या पहाटे गेले ते परतलेच नाहीत, तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘बाहेर’ असणार. ते आईच्या नजरेला पडण्याआधी आपण पाहावं, एवढाच तिचा हेतू होता.

नावापुढे होतं: आत.

काम चुकलं असेल असं समजून तिनं ताजी प्रत तपासली. आत. दुसरी तपासली, तिसरी तपासली. आत. शेवटी ती मूळ डेटाबेसात गेली. प्रती मागे पडतील, अडखळतील, पण मूळ खोटं बोलत नाही, यावर तिची आजवरची नोकरी उभी होती. तिथेही तात्यांची शेवटची नोंद संध्याकाळच्या फेरीनंतर आत आल्याची होती. त्यानंतर ते बाहेर गेल्याचं कुठेच नव्हतं.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. ॲम्ब्युलन्स पाहून सिक्युरिटीवाल्यानं गेटचा आडवा दांडा हातानं वर केला असणार. टॅग तर किल्ल्यांना, आणि किल्ल्या घरातच. यंत्राला कसं कळावं? पण कारण कळलं म्हणून भीती गेली असं मात्र झालं नाही. विमानतळाकडे उतरणारं एक विमान इमारतीवरून खाली खाली गेलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि आतल्या खोलीत काहीतरी हललं. वैशाली हिशेबाची बाई, भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. तरी तिनं उठून आतल्या खोलीत डोकावलं. पडदा हलत होता. तात्यांच्या बाजूची उशी सरळ होती. दिवा लावूनच ती परत आली.

“काय गं?” आईनं विचारलं.

लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सांगितलं की उद्या पहाटे तसाही मेसेज आला नसता. तात्या बाहेर गेल्याची नोंद कुठेच नाही.

आई हळूच म्हणाली, “तरीच कावळा शिवना.”

“आई, अगं तसं नसतं...”

“असंना का नसंना. मानूस असं दारात अडकून ऱ्हायला नको, वैशे.”

मूळ डेटाबेसात एक ओळ लिहिणं वैशालीच्या हातात होतं. पण गेटवर न घडलेलं कुणी त्यात हातानं लिहायचं नाही, हाही नियम होता, आणि आज तिला दुसरा नियम मोडायचा नव्हता. ते तिनं आईला सांगितलं. आईनं मान हलवली. उठून तिनं धुवट लुगडं नेसलं. तात्यांच्या फोटोपुढे ठेवलेल्या किल्ल्या उचलल्या, त्यातला टॅग अंगठ्यानं पुसला आणि पायात चपला सरकवल्या. वैशालीही निघाली, तर तिनं हात आडवा केला.

“तू हितंच थांब. नीट लिवलं जातंय का बघ.”

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. वैशाली पडद्यासमोर बसून राहिली. आणि मग मूळ डेटाबेसात नवी ओळ उमटली: मधुकर, बाहेर. लगोलग पहिल्या प्रतीत उमटली, दुसऱ्या, तिसऱ्या प्रतीत उमटली. मागच्या प्रतीत मात्र ते अजून आतच होते. तिथे त्यांना निघायला आणखी दोन आठवडे लागणार होते, आणि निघतील तेव्हा कुणालाच मेसेज जाणार नव्हता.

टेबलावरचा आईचा फोन थरथरला. मधुकर गेटमधून बाहेर गेले.

वैशाली गॅलरीत गेली. खाली आई गेटच्या पलीकडे, डोक्यावरून पदर घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभी होती. सिक्युरिटीवाल्यानं जवळ येऊन काहीतरी विचारलं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती चार पावलं पुढे चालली, पाहुण्याला पोचवायला जातात तशी, आणि तिथे थांबली. रस्ता रिकामा होता. कुणी कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबावं तितकी ती थांबली. मग मागे फिरली, आणि टॅग मुठीत घट्ट धरून, यंत्राला न लावता, बाजूच्या लहान दारातून आत आली.