कसर न लागलेली पताका

माझा भाचा राधाकिसन नवीन जालन्यात बियाणांचं दुकान चालवतो. आठ वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीच्या खर्चानं तो अमेरिकेला जाऊन आला आणि येताना एक तिकोनी पताका घेऊन आला. शंभर वर्षांपूर्वी तिथले लोक बेसबॉलच्या सामन्यात असल्या पताका हलवायचे म्हणे. लोकर दाबून केलेलं जाड कापड, त्यावर संघाचं नाव. पुढं त्यानं घरबसल्या आणखी वीस मागवल्या आणि बैठकीच्या भिंतीवर काचेत लावल्या. बेसबॉल त्यानं एकदाही पाहिलेला नाही. शेजारच्या उषाबाईंनी हात जोडून विचारलं, "कोणत्या देवस्थानाच्या?" तर हा आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका संग्रहालयाच्या प्रियदर्शनी मॅडम येणार असं कळलं. जुन्या खेळांच्या प्रदर्शनासाठी त्या एक पताका नेणार होत्या, खाली संग्राहकाचं नाव लावणार होत्या. राधाकिसन आमदार झाला असता तरी इतका हरखला नसता.

आदल्या दिवशी त्यानं १९०८ सालची शिकागोची पताका काचेतून काढून माझ्या हातात दिली.

"आत्या, बघा. इतकी वर्षं झाली, एक भोक न्हाई!"

माझे बापू, म्हणजे याचेच आजोबा, आष्टीला मेंढरं राखायचे, घोंगड्या विणायचे. लोकर बोटांना जराशी टोचते. हे कापड घसरत होतं.

"लोकर खायला कसर लागलीच न्हाई?"

"बिलकुल न्हाई. तेच तर!"

"मंग कसरीला तुझ्याहून जास्त अक्कल हाय."

मी कडेचा एक तंतू उपटला आणि काडी लावली. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि चिमटीत राख होते. बापू बाजारात असंच पारखायचे. हा तंतू प्लास्टिकसारखा वितळला, त्याची काळी गोळी झाली. राधाकिसननं ती नखानं दाबून पाहिली. फुटली नाही.

मग आम्ही सगळ्याच पताकांचे तंतू जाळले. राख एकीचीच झाली. त्यानं स्वतः आणलेली ती पहिली पताका, कसरीनं चाळण केलेली म्हणून दाराआड टांगलेली.

"मेंढरं राखणाऱ्याचा नातू मी," तो म्हणाला. "उद्या मॅडमला हीच देतो."

दुसऱ्या दिवशी मॅडम सरळ शिकागोपुढं उभ्या राहिल्या. "किती जपलंय तुम्ही! एक छिद्र नाही!"

राधाकिसननं दाराकडं हात केला. "मॅडम, ती जरा..."

"ती नको हो. प्रदर्शनात बरी दिसत नाही."

त्यांनी कागद काढला. वस्तू अस्सल असल्याची संग्राहकाची सही, खाली घरातल्या एका जाणत्या माणसाची. सोबत छापून आणलेली पाटी होती. राधाकिसननं पाटीवरचं आपलं नाव दोनदा वाचलं. मग सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"आत्या, इथं."

"मला कुठं लिहिता येतं, बाबा," मी म्हणाले. "अडाणी बाई मी."

"असू द्या आजी, अंगठा चालेल," म्हणत मॅडम पर्समध्ये शाईची डबी शोधू लागल्या.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. राधाकिसनला पहिलं अक्षर मीच गिरवायला दिलं. तो फरशीकडं बघत होता. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.