नाव न घेता

मंदाकिनी थोरात डोंबिवलीतल्या एका चर्चचा तरुण संघ बारा वर्षं चालवत होत्या. पोरं त्यांना ताई म्हणायची आणि मनातलं सांगायची. अकरावीतल्या रुचितानेही एका रविवारी सांगितलं. उपासना संपल्यावर खुर्च्या रचता रचता ती म्हणाली, "ताई, मला जगावंसंच वाटत नाही हो. कोणाला सांगू नका, प्लीज." बाईंनी तिचा हात धरला आणि "नाही सांगणार" असा शब्द दिला.

शब्द द्यायलाच नको होता. अशी गोष्ट पोटात ठेवायची नसते. मुलीला विश्वासात घेऊन तिच्या आईला आणि डॉक्टरांना सांगायची असते. बाईंनी सांगितली ती बुधवारच्या महिला मंडळात.

मंडळात चुगली कोणी करत नाही बरं का, तिथे प्रार्थनेसाठी विनंती देतात. बाई उभ्या राहिल्या आणि नाव न घेता म्हणाल्या, "आपल्या संघातली अकरावीची एक मुलगी फार निराश आहे. वडील मस्कतला असतात. तिच्यासाठी प्रार्थना करा." अख्ख्या चर्चमध्ये मस्कतला एकच बाप होता. गुरुवारी दुपारपर्यंत रुचिताच्या आईला सात फोन आले आणि एक मावशी तर बायबलमधली वचनं लिहिलेला कागद घेऊन दारात हजर झाली.

पुढच्या रविवारी रुचिता आली नाही. फोनही उचलेना. पोरीने काही करून घेतलं तर, हा विचार बाईंच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी त्या कोपरला तिच्या घरी गेल्या.

"एक मिनिट एकटी सोडत नाही मी तिला," दार उघडत आई म्हणाली. "पण डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येते."

रुचिता पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मी चुकले," बाई म्हणाल्या. "माफी मागायला आलेय."

"आता सगळे माझ्याकडे वेडी असल्यासारखं बघतात. डॉक्टरकडे गेले तर तेपण सगळ्यांना कळेल. तुम्ही गेलायत कधी?"

बाईंनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली. नवरा गेल्यापासून सहा वर्षं त्या ही गोळी घेत होत्या. डोंबिवलीत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून त्यांनी डॉक्टर शोधला होता तीन स्टेशनं पलीकडे, विठ्ठलवाडीला. सख्ख्या बहिणीलाही पत्ता नव्हता, तेही त्यांनी तिला सांगून टाकलं.

रुचिताने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे तुमचं लपवायला विठ्ठलवाडी, आणि माझं सांगायला मंडळ?"

बाईंना लाज वाटली. "गुरुवारी माझी वेळ आहे, तुझीही घेते," त्या उठता उठता म्हणाल्या. "आई येईल बरोबर." रुचिताने पट्टी त्यांच्या हातात परत दिली.

बुधवारी मंडळात विनंत्या सुरू होताच पहिला प्रश्न आला, "त्या पोरीचं काय झालं हो?"

बाई उभ्या राहिल्या. "तिचं मी सांगणार नाही. माझं सांगते. मी सहा वर्षं मनाच्या डॉक्टरकडे जाते, डिप्रेशनच्या गोळ्या घेते. माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि नाव घेऊन करा."

कोणीतरी घसा खाकरला. त्या दिवशी प्रार्थना फारच थोडक्यात आटपली.

घरी येऊन बाई कुकर लावतात न लावतात तोच फोन वाजला. रुचिता होती.

"ताई, तुमचं कळलं. तिघींनी फोन केला आईला. उद्या किती वाजता निघायचं?"