मुनिबाची तिसरी कॉफी

मुनिबाच्या लेकीला, सेनिदाला, ऑस्ट्रियात पहिला मुलगा झाला, ते साल दोन हजार तीन. सारायेव्होत बिस्त्रिकच्या चढावर मुनिबाचं घर. पाठीवर बोचकं घेऊन शहर बघायला येणाऱ्यांना ती वरची खोली स्वस्तात द्यायची. त्या शनिवारी संध्याकाळच्या बसने सेनिदा बाळाला घेऊन पहिल्यांदाच माहेरी येणार होती. आणि खोलीतला पाहुणा काही हलेना. वेंडेलिन त्याचं नाव, स्लोव्हाकियाचा सडाफटिंग म्हातारा. त्याची मुदत सकाळीच संपली होती, तरी स्वारी अंगणात निवांत बसलेली.

पाहुण्याला तोंडाने 'जा' म्हणायचं नसतं. त्यासाठी आमच्याकडे कॉफी असते. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची, आणि न मागता तिसरी आली की शहाण्या माणसाने उठायचं. मुनिबाने तिसरी नेऊन ठेवली.

वेंडेलिन मिटक्या मारत म्हणाला, "वा! ही तर सगळ्यांत फक्कड."

तिने चौथी केली, मुद्दाम कडू. त्याने उशी पाठीशी ओढून घेतली.

कुंपणापलीकडून शेजारीण रेफिका हसत होती. "अगं, पाचवी पाजलीस तर कायमचा नांदायला येईल तो!"

"तू गप गं. बाळाला कुठे निजवू मी? सरपणावर?"

"मग सांग की सरळ."

"पाहुण्याला? माझी जीभ झडेल."

"माझी नाही झडत." रेफिका फाटक ढकलून आत आलीच. "अहो पाहुणे, हिची लेक येतेय तान्हं बाळ घेऊन. ही कॉफी म्हणजे, उठा आता!"

वेंडेलिन कानापर्यंत लाल झाला. "अरे देवा! आणि मला वाटलं, बाई किती मायाळू!" तो बोचकं बांधायला धावला.

आता मुनिबाच भडकली. तिने बोचक्याचा पट्टा धरला. "माझ्या अंगणातून पाहुणा हाकललास, रेफिका? या वेळेला कुठे जाईल तो? तू उठवलंस, आता तूच निजव."

"मी? माझ्याकडे कोंबड्या आहेत!"

"आणि रिकामा पलंगही आहे. हा खिमा भरलेला बुरेक घे, त्याला गरम गरम वाढ."

सेनिदा आली तेव्हा खोली झाडून, चादर बदलून तयार होती. बाळ पलंगावर पसरलं. पलीकडून रेफिकाचा आवाज येत होता, "अहो, सावकाश खा! पळवून नेतंय का कोणी?"

पुढे वेंडेलिन दर वर्षी यायचा आणि रेफिकाकडेच उतरायचा. मुनिबा त्यावरून तिला मरेपर्यंत चिडवायची.

रेफिका दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये वारली. मुनिबा पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात.