बुरशीचा पाहुणचार

मला राग पटकन येतो. वरवट बकालमध्ये सून होऊन आले तेव्हापासून निम्मं गाव हे जाणून आहे. उरलेल्या निम्म्याला त्या सकाळी कळलं.

विद्यापीठाच्या परीक्षक बाई माझं संशोधन बघायला घरी आल्या होत्या. त्यांना पटलं तर पीएचडीचं काम पुढे, नाही तर नोंदणी रद्द. काम म्हणजे लोणारच्या खाऱ्या तळ्याकाठून आणलेली बुरशी. हिला ना तोंड ना पोट. ही अंगातून प्रथिनं बाहेर सोडते, त्यातली एन्झाइम्स समोरचं अन्न बाहेरच पचवतात, मग ही बया ते आयतं शोषून घेते. काडीकचरा कुजवायच्या बाजारातल्या पुड्या आमच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात मान टाकतात. हिला मात्र खारंच लागतं, असा माझा दावा होता.

गावालाही तिची गरज होती. बीटी कपाशी आली तेव्हा बियाणेवाले अळीचं नाव विसरा म्हणाले होते. पुढे गुलाबी बोंडअळी आली ती घरजावयासारखी ठाण मांडून बसली. हंगाम संपला की शेतातल्या पऱ्हाट्यांत, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांत दडायची, म्हणून लोक पऱ्हाट्या जाळायचे आणि रानाला खत म्हणून काहीच मिळायचं नाही. मी पऱ्हाट्या बारीक करून दोन हौदांत भरल्या, बुरशी सोडली आणि बोअरचं खारं पाणी घातलं. एक हौद दारात, दुसरा गोठ्यामागे.

बाईंनी दारातल्या हौदात हात घातला. काडी काढली, वाकवून पाहिली. कडक! "जशी टाकली तशीच आहे की हो," त्या म्हणाल्या.

मी पुढे झाले. हौदातलं पाणी बोटाने जिभेला लावलं. गोडं!

"आत्याबाई! याच्यात गोडं पाणी कोनं टाकलं?"

सत्यभामाबाई, माझ्या सासूबाई, पदर सावरत पुढे आल्या. "मीच टाकलं. काऊन व?"

"पन कायले?"

"कायले म्हंजे? तूच म्हनली ना, लोनारहून आनली म्हनून. घरी आलेल्या पाहुनीले खारं पाजाचं? लोकं काय म्हनतीन? खारं सारं उपसून फेकलं, अन् माह्या पिन्याच्या हंड्यातलं अर्धं रोज ओतलं मी."

आमच्याकडे घरचे खारं पितील, पण पाहुण्याच्या तांब्यात नळाचं गोडंच. हे मलाही ठाऊक होतं. तरी मी कडाडले, "तुमच्या पाहुनचारानं मारली तिले!"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, पण राग काही थांबेना.

"अन् गोठ्यामागच्या हौदात?"

"तिकडं कोन पाह्यते? तिकडं नाही टाकलं."

मी धावलेच. ताडपत्री ओढली, हात घातला, मूठ मिटली. पऱ्हाटीचा काळा, मऊ भुगा बोटांतून ओघळला. मागून आलेल्या बाईंनीही मूठभर घेतला, पुन्हा पुन्हा चुरडला.

"दोन्हीकडे हीच बुरशी? याच पऱ्हाट्या? एकाच दिवशी भरलेल्या?"

"हो."

"मग खाऱ्याशिवाय हिची एन्झाइम्स चालत नाहीत, हे सिद्धच झालं. हा गोड्या पाण्याचा प्रयोग मी तुम्हाला करायलाच लावणार होते." त्या हसल्या. "काम पुढे न्या. मी तसं कळवते."

मोजून मिळणारं गोडं पाणी कचऱ्यावर ओतायची माझी तर छातीच झाली नसती. मला रडू कोसळलं. रागीट माणसाचं रडणंही मोठ्यानंच असतं.

सासूबाई घाबरल्या. "मेली का व ते?"

"नाही आत्याबाई. जिंकलो आपन. तुमच्यामुळं जिंकलो!"

त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी तो भुगा ओंजळीत घेतला, नाकाला लावला आणि थेट रस्त्यावर गेल्या. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पऱ्हाटी जाळू नका रे कोनी! आमच्या सुनेनं पचवली!"